लेखी प्रश्न, लेखी उत्तर
डॉक्टरांना तज्ज्ञांचा सल्ला लेखी विचारता यावा असं म्हटलं की कुणीतरी विचारतं, ई-संजीवनी ही सरकारची ऑनलाइन वैद्यकीय सल्ल्याची सेवा असताना आणखी वेगळी सोय कशाला? फरक आहे. २०१९ पासूनच्या ई-संजीवनीत उपकेंद्रातले समुदाय आरोग्य अधिकारी रुग्णाला शेजारी बसवून हबमधल्या, म्हणजे सल्ला देणाऱ्या केंद्रातल्या, डॉक्टरांशी व्हिडिओवर बोलतात. म्हणजे दोघं एकाच वेळी मोकळे हवेत, रेंज हवी, आणि रुग्णाची मजुरी बुडते ती वेगळीच.

कॅनडात ओटावाला २०१० साली सुरू झालेल्या पद्धतीत फॅमिली डॉक्टर प्रश्न लिहितात, सोबत रिपोर्ट किंवा चट्ट्याचा फोटो जोडतात. तज्ज्ञ आपल्या सवडीने, पण साधारण आठवड्याच्या आत लेखी उत्तर देतात. टीएसएच (थायरॉईडच्या तपासणीतला आकडा) थोडा वाढलाय, गोळी सुरू करू की काही महिन्यांनी पुन्हा तपासू, एवढ्यासाठी पेशंटला जिल्ह्याला कशाला धाडायचं?

मुख्य म्हणजे तिथे तज्ज्ञांना या उत्तराचे पैसे मिळतात. आपल्याकडे हेच काम व्हॉट्सअ‍ॅपवर ओळखीपाळखीत फुकट चालतं. ज्याचा बॅचमेट त्वचारोगतज्ज्ञ, त्याच्या पेशंटचं नशीब! नोंद कुठेच नाही, आणि उद्या काही बिनसलं तर सल्ला कुणाचा होता हेही सांगता येत नाही. अर्थात छातीत दुखणाऱ्याला यात अडकवू नये, त्याला आधी गाडीत घाला.