३२०० ची रॅम टाकली पण दिसतंय १३३३, मला फसवलंय का?

वखारभागकर:
नमस्कार मंडळी, सांगलीत हळदीची अडत आहे आमची, सगळा हिशेब एका पीसीवर, आय५-१०४०० प्रोसेसर आणि एच४१० मदरबोर्ड. आधी ८ जीबीची २६६६ वाली एकच स्टिक होती, परवा विश्रामबागेतून अजून ८ जीबी आणली, स्टिकरवर ठळक ३२०० छापलंय. घरी येऊन सीपीयू-झेड (पीसीच्या आतल्या भागांची माहिती दाखवणारं सॉफ्टवेअर) उघडलं तर मेमरीच्या टॅबात १३३३, टास्क मॅनेजर म्हणतो २६६७, आता एकाच रॅमचे तीन आकडे कसे काय राव? दुकानदाराला फोनवर चार शब्द सुनावले, तो म्हणतो माल ओरिजनल आहे. परत करू का?

अजिंक्यतारा_सातारा:
थांबा, घाई करू नका. १३३३ आणि २६६७ एकच आहे हो. डीडीआर म्हणजे डबल डेटा रेट, क्लॉकच्या एका ठोक्यात दोनदा डेटा जातो, सिग्नल चढताना एकदा आणि उतरताना एकदा. सीपीयू-झेड ठोके मोजतं, टास्क मॅनेजर डेटाच्या खेपा. स्टिकरवरचे ३२०० पण खेपाच.

मिरजवाला:
आणि ३२०० का नाही, तर तुमचा प्रोसेसरच २६६६ पर्यंत घेतो, एच४१० वर त्याच्या पुढं ढकलता येत नाही. शिवाय जुनी स्टिक २६६६ ची, बैलजोडीसारखं आहे, एक जेवढा चालेल तेवढंच दुसऱ्यानं चालायचं. नवी स्टिक खरी का ते बघायचं तर सीपीयू-झेडच्या एसपीडी टॅबात, जिथं स्टिकमध्येच नोंदलेली माहिती दिसते, तिचा स्लॉट निवडा, १६०० (म्हणजे ३२०० चे निम्मे ठोके) कुठं दिसतंय का बघा.

वखारभागकर:
बघितलं, मॅक्स बँडविड्थसमोर डीडीआर४-३२०० आणि १६०० आहे. मेमरीच्या टॅबात चॅनल ड्युअल दाखवतंय, ते काय?

मिरजवाला:
अहो तीच तर खरी कमाई! चॅनल म्हणजे रॅम आणि प्रोसेसरमधला रस्ता, एक चॅनल ६४ बिटचा, म्हणजे एका खेपेला ८ बाइट, २६६६ गुणिले ८ केलं की सेकंदाला साधारण २१ जीबी. आधी एकच रस्ता होता, आता दोन, कागदावर ४२. टायपिंगला काही कळणार नाही, पण तुमचं ग्राफिक्स प्रोसेसरमधलंच असेल तर ते हीच रॅम वापरतं, त्याला चांगला फरक पडतो. आणि १६ जीबी झाल्यामुळं एक्सेलच्या मोठ्या फायली आणि क्रोम एकदम उघडले तरी पहिल्यासारखं अडकायला नको.

वखारभागकर:
खरंय, सकाळपासून वर्षाची खतावणी उघडीच आहे, एकदाही गोल फिरत बसलं नाही. ठेवतो स्टिक. त्या दुकानदाराला उगाच बोललो, उद्या बाजारातून येताना भेटून येतो त्याला.