मदत हवी आहे: ब्लेडच्या भोकाकाठी स्ट्रेस वाढतच चाललाय

मंडळी, एमटेक प्रोजेक्टसाठी इन्कोनेल ७३८ (उष्णता सोसणारा निकेल मिश्रधातू) च्या कूल्ड टर्बाइन ब्लेडचं थर्मल स्ट्रेस (तापमानातल्या फरकाने येणारा ताण) ॲनालिसिस कॉम्प्युटर मॉडेलवर करतोय. भिंतीच्या आत-बाहेर १०० अंशांचा फरक आहे. ई (ताठरपणा) १५० गिगापास्कल, अल्फा (दर अंशाला होणारं प्रसरण) १५.५ मायक्रो, पॉइसन गुणोत्तर ०.३ धरून सपाट प्लेटच्या सूत्राने हाताने काढलेला स्ट्रेस १६६ मेगापास्कल येतो. भोकांपासून लांब मॉडेलही जवळपास तेच दाखवतं. पण फिल्म कूलिंगच्या (पृष्ठभागावर थंड हवेचा थर सोडणाऱ्या) भोकाच्या कडेला आकडा ९०० च्या पुढे, आणि मेश (मॉडेलचे छोटे तुकडे पाडणारी जाळी) बारीक केली की आणखी चढतो! कडा टोकदारच ठेवलीय. (रूट, म्हणजे ब्लेडचं बूड, फिक्स केलाय, पण तो लांब आहे.)

हे सिंग्युलॅरिटीच ना, म्हणजे टोकदार कडेमुळे गणितात येणारा, कधीच न थांबणारा खोटा आकडा? कडेला छोटी त्रिज्या देऊन ती गोलसर करू की मॉडेलमध्ये सरळ प्लॅस्टिसिटी (धातूचं कायमचं वाकणं) घालू? गाईड नुसतं ‘मेश बघ’ म्हणतात. सोमवारी रिव्ह्यू आहे.