‘व्हिन्सेंट अँड थिओ’: भाऊ की सावकार?

तिरपी_रेघ
चित्रकार व्हिन्सेंट व्हॅन गॉग आणि त्याचा भाऊ थिओ यांच्यावरचा रॉबर्ट आल्टमनचा १९९०चा हा सिनेमा परवा दुसऱ्यांदा पाहिला आणि दुसऱ्यांदा चिडलो. टिम रॉथचा व्हॅन गॉग आणि पॉल ऱ्हिसचा थिओ सतत एकमेकांवर खेकसतात. व्हिन्सेंटची थिओला लिहिलेली साडेसहाशेहून जास्त पत्रं आज उपलब्ध आहेत. रंगांबद्दल, पुस्तकांबद्दल, शेतातल्या माणसांबद्दल किती मायेनं लिहिलंय! सिनेमात ती माया कुठंय? पैशाची कटकट तेवढी दिसते.

उधारीची_वही
असहमत. कटकट खरीच होती की! १८८४ मध्ये व्हिन्सेंटनंच सुचवलं, तू महिन्याला पैसे पाठव, मी चित्रं पाठवतो, ती तुझी. म्हणजे भीक नको, व्यवहार हवा. थिओ पॅरिसला चित्रांच्या पेढीवर नोकरीला, चित्र विकणं हाच त्याचा धंदा, आणि सख्ख्या भावाचंच खपत नाही. तो खेकसणार नाही तर काय करणार?
सुरुवात आठवा. १९८७चा लंडनमधला व्हिन्सेंटच्या ‘सूर्यफुलं’ या चित्राचा लिलाव. बोली चढत दोन कोटी पौंडांच्या पुढे जाते. दृश्य बदलतं, कळकट खोलीत व्हिन्सेंट पडलेला, समोर थिओ वैतागलेला, आणि कानावर बोली चालूच! त्या एका जागेसाठी मी आल्टमनला बाकी सगळं माफ करतो.

तिरपी_रेघ
ती जागा भारी आहे, वादच नाही. पण व्हिन्सेंट २९ जुलै १८९०ला गेला आणि सहा महिन्यांत, २५ जानेवारीला थिओही गेला. त्याला तुम्ही हिशेबनीस करून टाकलात.

उधारीची_वही
अहो, आधीच आजारी होता तो. भावाच्या जाण्यानं आणखी खचला, हे कबूल. पण विरहानंच मेला म्हणणं म्हणजे १९५६च्या ‘लस्ट फॉर लाइफ’ या कर्क डग्लस व्हिन्सेंट झालेल्या सिनेमात जाऊन बसणं. तिथला थिओ नुसता देवमाणूस.

माजघरातून
दोघांचंही चालू द्या, मी मधेच बोलते. व्हिन्सेंटनं थिओची पत्रं जपलीच नाहीत, जेमतेम चाळीसेक उरलीत. त्यामुळे थिओ मायाळू होता की वैतागलेला, हे आपण बरंचसं व्हिन्सेंटच्याच तोंडून ऐकतो. आल्टमननं त्याला स्वतःचा आवाज दिला, मला तेच आवडलं.
माझी तक्रार वेगळी. थिओची बायको, नाव ‘जो’. पदरात वर्षाचंही नसलेलं पोर, नवरा गेलेला, घरात कुणी न विचारणारी ढीगभर चित्रं. तिनं नेदरलँड्समधल्या बुसमला पाहुण्यांना ठेवून घेण्याचं घर चालवलं, चित्रं जपली, प्रदर्शनं भरवली, १९१४ मध्ये पत्रं छापली. थिओच्या अस्थी फ्रान्समधल्या ओव्हेर गावी नेऊन व्हिन्सेंटशेजारी पुरल्या त्याही तिनंच. शीर्षकात मात्र दोन भाऊ.

उधारीची_वही
+१. लिलावाची ती बोली खरं तर तिच्या घरावरून फिरवायला हवी होती.

तिरपी_रेघ
जोचं शंभर टक्के मान्य. आल्टमनचं अजून नाही. रविवारी पुन्हा पत्रं काढून बसतो.