मदत हवी आहे : बेस गिटारची ‘एन्ट्री लेव्हल’ किंमत नेमकी कोणती समजावी?

नमस्कार,

मी काही वर्षांपासून अकूस्टिक गिटार वाजवतो. आमच्या गटात बेस वाजवणारे कोणी नसल्यामुळे ते काम आता माझ्याकडे आले असून पहिली बेस गिटार घ्यायची आहे. अडचण अशी की ‘एन्ट्री लेव्हल’ म्हणून ज्या बेस सुचवल्या जातात, त्यांच्या किमतींत फार मोठी तफावत दिसते. फेंडर कंपनीच्या स्क्वायर या स्वस्त ब्रँडच्या सोनिक, अफिनिटी आणि क्लासिक व्हाइब या एकीपेक्षा एक महाग मालिका आहेत आणि नवशिक्याला तिन्ही सुचवल्या जातात. यामाहाच्या टीआरबीएक्स १७४ आणि ३०४ या जोडीबाबतही तोच गोंधळ आहे. किमतीची खालची मर्यादा कुठे धरावी, वरची कुठे, आणि अँपचा (आवाज वाढवणाऱ्या अँप्लिफायरचा) खर्च त्यातच मोजावा की वेगळा, याविषयी जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे. घरी गिटारचा एक छोटा अँप आहे. त्यावर तूर्त भागेल का?

प्रतिसाद १

आकडा सांगण्यात अर्थ नाही, कारण तो दरवर्षी आणि दर बाजारात बदलतो, कसोटी सांगतो. सेटअप (तारांची उंची आणि नेकचा बाक जुळवणे) करून घेतल्यावर जी बेस सुरात राहते आणि कोणत्याही पट्टीवर (फ्रेटवर) खरखरत नाही, तिची किंमत ही खालची मर्यादा. नामांकित कंपन्यांची सर्वांत खालची चालू मालिका बहुधा या कसोटीला उतरते. त्याहून स्वस्त, निनावी वाद्यांत मात्र सारा भरवसा हाती येणाऱ्या नगावर असतो.

बेसमध्ये काटकसर आधी नेकमध्ये उघडी पडते. फेंडरने १९५१ मध्ये प्रिसिजन बेस आणली तेव्हापासून ३४ इंची स्केल (तारेच्या कंप पावणाऱ्या भागाची लांबी) रूढ आहे. त्यांच्या गिटारचे स्केल साडेपंचवीस इंच असते. एवढ्या लांब नेकवर जाड तारांचा ताण सतत असतो, त्यामुळे लाकूड कच्चे असेल किंवा ट्रस रॉड (नेकच्या आतला, तिचा बाक जुळवणारा धातूचा दांडा) नीट काम करत नसेल, तर हवामान बदलले की तारांची उंची बदलते आणि नवशिक्याला वाटते की आपलीच बोटे कमी पडत आहेत. हे मला स्वस्त बेसचे सर्वांत मोठे नुकसान वाटते. आवाजातला उणेपणा त्यामानाने सोसता येतो.

दुकानात बेस हाती आली की चारही तारा सुरात लावून प्रत्येक पट्टी वाजवावी. बाराव्या पट्टीवरचा हार्मोनिक (तार न दाबता नुसते बोट टेकवून येणारा स्वर) आणि तिथेच तार दाबून येणारा स्वर ट्यूनरवर जुळतात का, ते पाहावे. थोडा फरक ब्रिजवर (बॉडीवरच्या तारांच्या आधारावर) दुरुस्त होतो. मग तळहात नेकच्या कडेवरून फिरवावा, पट्ट्यांची टोके टोचत असतील तर ती घासून घ्यावी लागतील. शेवटी पट्टा गळ्यात अडकवून डावा हात सोडून द्यावा. नेक खाली झुकू लागली, तर तासाभराच्या सरावात खांदा बोलू लागेल.

वरची मर्यादा माझ्या मते तिथे संपते, जिथून पुढे वाजवण्याच्या सोयीऐवजी मुख्यतः रंगरूप, लाकूड आणि सर्किट यांचे पैसे पडतात. टीआरबीएक्स १७४ पॅसिव्ह (बॅटरीवर चालणारे सर्किट नसलेली) आहे आणि ३०४ अ‍ॅक्टिव्ह. अ‍ॅक्टिव्ह बेसला बॅटरी लागते आणि केबल जोडून ठेवली तर ती न वाजवताही संपत जाते. शिकणाऱ्याला या सर्किटवाचून काहीच अडत नाही. तुमच्या दोन नावांपैकी १७४ पुरेशी आहे.

अँपचा खर्च मात्र त्याच अंदाजात धरावा. बेसच्या जाड ई तारेचा मूळ स्वर सुमारे ४१ हर्ट्झचा, म्हणजे गिटारच्या ई तारेपेक्षा एक सप्तक खालचा असतो. घरी हळू आवाजात तुमचा अँप चालेल, पण ड्रमच्या तोडीस तोड आवाज वाढवलात तर त्याचा स्पीकर फाटण्याची भीती आहे. सुरुवातीला हेडफोन अँपवर सराव करून बेसचा अँप सावकाश घेतलात तरी चालेल.

प्रतिसाद २

वरील मताशी सहमत. फक्त सेटअपचे पैसे आणि तारांचा एक नवा संच हेही हिशेबात धरावेत, बेसच्या तारा गिटारच्या तारांपेक्षा बऱ्याच महाग असतात. जुनी बेस घेण्यास हरकत नसेल, तर नव्या सोनिकच्या पैशांत वापरलेली अफिनिटी मिळण्याचा संभव असतो. ट्रस रॉडचा नट दोन्ही दिशांना फिरतो का, हे मात्र जाणकाराकडून तपासून घ्यावे.

धागाकर्ता

दोघांचेही आभार. आधी वापरलेली अफिनिटी शोधतो. या कसोट्यांना उतरणारी मिळाली नाही तर नवी टीआरबीएक्स १७४ घेईन आणि उरलेले पैसे अँपसाठी बाजूला ठेवीन. एकच शंका राहिली : माझी बोटे आखूड आहेत, तर ३० इंची शॉर्ट स्केलचा विचार करावा का?

प्रतिसाद १

पहिल्या चार पट्ट्यांवर हात फारच ताणावा लागत असेल, तरच. शॉर्ट स्केलवर तारा सैल लागतात आणि ई तारेचा स्वर थोडा बोथट येतो, म्हणून दोन्ही लागोपाठ वाजवून पाहा.