ब्राँटे बहिणींच्या चित्रावरच्या घड्या: हे चित्र हरवलं कसं होतं?

रानजाई:
मागच्या महिन्यात लेकीकडे लंडनला गेले होते, तेव्हा नॅशनल पोर्ट्रेट गॅलरीत शार्लट, एमिली आणि अ‍ॅन या लेखिका ब्राँटे बहिणींचं ते चित्र बघितलं. बीएला शार्लटची जेन एअर ही कादंबरी होती तेव्हापासून पुस्तकांच्या कव्हरवर बघत आलेय, पण समोर उभी राहिले तर आधी चेहरे दिसलेच नाहीत, घड्या दिसल्या. साडीची घडी मोडली की चुण्या राहतात तशा, आडव्या-उभ्या, आणि त्या रेषांवर रंग उडालेला. शिवाय मधे तो पिवळट खांब, आणि त्या खांबात कुणीतरी उभं आहे असं सारखं वाटत राहिलं. लेक म्हणाली हे बरीच वर्षं हरवलेलं होतं. कुणाला नीट माहिती आहे का? आणि एवढी मोठी गॅलरी, त्यांनी घड्या बुजवल्या का नाहीत? जीव तुटला हो बघून.

पानगळ:
ताई, तुम्हाला बरोबर दिसलं, खांबात माणूस आहेच. तो त्यांचा भाऊ ब्रॅनवेल, आणि चित्र काढणाराही तोच. साधारण १८३४ चं चित्र, म्हणजे पोरगा जेमतेम १७ वर्षांचा. डावीकडून अ‍ॅन, एमिली, मग खांब, मग शार्लट. आधी त्याने स्वतःला बहिणींच्या मधे काढलं होतं, मग स्वतःच त्यावर खांब रंगवला असं मानतात. तैलरंग जुना होत गेला की पारदर्शक होतो, त्यामुळे खालचा ब्रॅनवेल हळूहळू वर यायला लागला. शार्लटचं चरित्र लिहिणाऱ्या लेखिका एलिझाबेथ गॅस्केल यांनी ब्राँटेंच्या हॉवर्थ गावातल्या घरी हे चित्र बघितलं होतं, खुद्द शार्लटने ते मोठं कॅनव्हास उचलून धरलं होतं आणि ती मागे उभी, त्यामुळे चित्रातला चेहरा आणि खरा चेहरा एकदम समोर. १८५७ च्या त्या चरित्रात त्यांनी लिहिलंय की रंगकाम दुकानाच्या पाटीच्या तोडीचं, पण चेहरे मात्र छान जमलेत. त्यांच्या वर्णनात खांब आहे, माणूस नाही.

सप्टेंबर १८४८ मधे ब्रॅनवेल गेला, डिसेंबरमधे एमिली, पुढच्या मे महिन्यात अ‍ॅन. आठ-नऊ महिन्यांत तिघं. शार्लट १८५५ मधे गेली, लग्नाला वर्षसुद्धा झालं नव्हतं. तिचा नवरा आर्थर बेल निकोल्स सासऱ्यांच्या मृत्यूनंतर १८६१ मधे आयर्लंडला परत गेला, बॅनगर नावाच्या गावी, आणि चित्र सोबत नेलं. नंतर त्याने दुसरं लग्न केलं, १९०६ मधे वारला, आणि १९१४ मधे त्याच्या दुसऱ्या बायकोला कपाटाच्या वर हे घडी घातलेलं मिळालं. त्याच वर्षी गॅलरीने विकत घेतलं.

नदीकाठ:
मला त्या निकोल्सचा फार राग येतो. तीन बहिणींचं एकत्र असं हे एकच चित्र उरलंय, आणि हा माणूस ते रुमालासारखं दुमडून कपाटावर टाकतो? दुसरं एक चित्र होतं, ब्रॅनवेल हातात बंदूक घेऊन आणि बहिणी शेजारी, त्यातला फक्त एका बहिणीचा चेहरा कापून ठेवला आणि बाकीचं नष्ट केलं. तो तुकडा पण त्याच कपाटावर सापडला. एमिलीचा म्हणतात, काहीजण अ‍ॅन म्हणतात. अख्खं चित्र असतं तर हा वादच झाला नसता.

पानगळ:
राग समजतो, मलाही आधी यायचा. पण त्याला त्या चित्रांतले बहुतेक चेहरे बहिणींसारखे वाटत नव्हते असं म्हणतात. आणि बायको गेल्यावर हा माणूस म्हाताऱ्या सासऱ्यांजवळ सहा वर्षं राहिला, तेही सगळी पोरं गमावलेल्या सासऱ्यांजवळ. मला वाटतं त्याला ते चित्र भिंतीवर बघवत नसेल, आणि फेकवतही नसेल.

कॅनव्हासकाका:
घड्यांबद्दल लिहितो, मी जुनी चित्रं दुरुस्त करायचं काम करतो. कॅनव्हासवर आधी अस्तर, म्हणजे रंगाखालचा लेपाचा थर, देतात आणि त्यावर रंग, दोन्ही वाळून कडक होतात. घडी घातली की त्या रेषेवर अस्तरच तडकतं आणि रंग पापुद्र्यासारखा सुटतो, सुटलेला परत येत नाही. भरायचा म्हणजे आपल्या मनाने नवा रंग भरायचा. इथे तर ब्रॅनवेलचा हात आधीच कच्चा, त्यात तिसऱ्याच माणसाचा हात मिसळला तर त्या पोराचं काय उरलं? उरलेला रंग सुटू नये एवढं बघायचं आणि थांबायचं. घड्या ठेवल्या ते योग्यच केलं असं माझं ठाम मत आहे.

रानजाई:
काका, मनापासून आभार, आता परत जाईन तेव्हा घड्यांकडे वेगळ्या नजरेने बघेन. एक विचारू का, आमच्या गावच्या घरी माळ्यावरच्या ट्रंकेत पणजोबांचं तैलचित्र आहे, घडी घातलेलंच. दिवाळीत उघडून बघायचं म्हणतेय.

कॅनव्हासकाका:
ताई, कृपा करून घडी उलगडू नका, जोर लावला की तिथेच रंग गळेल. ट्रंक माळ्यावरून खाली आणा, चित्र आहे त्याच घडीत सपाट ठेवा, वर काही वजन नको, ओल आणि ऊन दोन्ही नको, आणि जाणकाराला घरी बोलावून दाखवा. पुढे कधी गुंडाळायची वेळ आली तर जाड नळकांड्यावर, रंगाची बाजू बाहेर ठेवून. सगळे आत गुंडाळतात, तिथेच चुकतं.