पबच्या पाटीवरचा राजा : तुमच्या गावातला पब सांगा

इंग्लंडमधल्या रीडिंग शहराच्या बाहेर एका खेड्यात आम्ही राहायला आलो त्या दिवशी सामानाचा ट्रक पोचायचा होता, गॅस सुरू व्हायचा होता आणि पोटात कावळे ओरडत होते. समोरच पब होता. मी ठाण्याची. पब म्हणजे काळोख, धडधड गाणी आणि दारावर दोन पैलवान, एवढीच माझी कल्पना. इथे दार उघडलं तर आत गालिचा, शेकोटी, टेबलाखाली घोरणारा कुत्रा आणि कोपऱ्यात विणत बसलेल्या दोन आज्या. आम्ही टेबल धरलं आणि शहाण्यासारखे बसलो. दहा मिनिटं झाली, वीस झाली, कोणी विचारायलाच येईना. शेवटी विणणाऱ्यांपैकी एक आजी म्हणाल्या, "अहो, अशा बसलात तर उपाशी राहाल. बारवर जाऊन सांगावं लागतं."

त्या पबचं नाव रॉयल ओक. बाहेर टांगलेल्या पाटीवर हिरवंगार झाड आणि पानांतून डोकावणारा मुकुटधारी चेहरा. हे काय प्रकरण म्हणून विचारलं, तर लँडलॉर्डने (इथे पब चालवणाऱ्याला हेच म्हणतात, घरमालकाशी संबंध नाही) ग्लास पुसता पुसता सगळी कथा सांगितली. ३ सप्टेंबर १६५१ ला वूस्टरच्या लढाईत दुसरा चार्ल्स हरला आणि पळाला. राजाविरुद्ध लढणाऱ्या पार्लमेंटचा सेनापती क्रॉमवेल, त्याचे शिपाई मागावर, डोक्यावर हजार पौंडांचं इनाम. बॉस्कोबेलच्या रानात कर्नल कार्लिस नावाच्या साथीदाराबरोबर तो अख्खा दिवस ओकच्या झाडावर दडून बसला. मग केस कापून, नोकरासारखे कपडे घालून सहा आठवडे भटकत फ्रान्सला निसटला. १६६० मध्ये राजा होऊन परतला आणि गावोगावच्या पबांनी ते झाड दारावर लावलं. (जीव वाचवायला झाडावर चढलेला माणूस मुकुट घालून चढेल का, हे पाटी रंगवणाऱ्याला कोण विचारणार!)

ऐकताना मला आग्र्याहून सुटका आठवत होती, तीही पंधराच वर्षांनंतरची. घरी येऊन वाचलं तेव्हा आणखी एक लक्षात आलं. ज्याला पोर्तुगीज राजकन्येबरोबर मुंबई आंदण मिळाली तो हाच! १६६८ मध्ये त्याने ती वर्षाला दहा पौंड भाड्याने कंपनीला देऊन टाकली. आमच्या आजोळची गिरगावातली खोली आणि समोरच्या पाटीवरचं झाड यांच्यात एवढंच अंतर निघालं.

तर म्हटलं, इथे राहिलेल्या, राहणाऱ्या, चार दिवस येऊन गेलेल्या सगळ्यांना विचारावं. तुमचा पब कोणता? त्याच्या पाटीवर कोण आहे? पिणं न पिणं महत्त्वाचं नाही.

नॉटिंगहॅमहून

धागा छान, पण लँडलॉर्डच्या तोंडचा इतिहास चिमूटभर मीठ घालूनच घ्यावा. आमच्याकडे किल्ल्याच्या कड्याखाली 'ये ओल्ड ट्रिप टू जेरुसलेम' आहे. भिंतीवर ठळक अक्षरांत ११८९, म्हणजे पहिला रिचर्ड गादीवर आला ते साल. त्याच्याबरोबर धर्मयुद्धाला निघालेले शिपाई इथे पिऊन गेले, असं सांगतात. प्रत्यक्षात आज दिसणारी इमारत साधारण १६५० च्या सुमाराची. मागच्या खोल्या मात्र खरंच वालुकाश्मात कोरलेल्या गुहा आहेत, आणि त्यात बसून खांद्यावर वाळूचा कण पडला की साल कोणतं का असेना, आपण गप्प बसतो. गंमत म्हणजे याच शहरात आणखी दोन पब 'सर्वांत जुने आम्हीच' म्हणतात. पुण्यात मूळ अमृततुल्य कोणतं, यावर होतो तसला वाद.

आणि पाट्यांचं मूळही राजाशीच आहे. चौदाव्या शतकाच्या अखेरीस दुसऱ्या रिचर्डने एल (एक प्रकारची बिअर) विकणाऱ्यांना दारावर खूण लावणं सक्तीचं केलं. लोकांना वाचता येत नव्हतं, आणि एल तपासायला फिरणाऱ्या अधिकाऱ्यांना दुकान लांबून ओळखू यावं हाही हेतू. त्याचं स्वतःचं चिन्ह पांढरं हरीण. आज देशभर 'व्हाइट हार्ट' नावाचे पब दिसतात ते त्याचेच.

शेफील्डहून

ताई, तुमच्या चार्ल्सचा वाढदिवस २९ मे. लंडनला तो परतला तोही त्याच दिवशी. पूर्वी या दिवशी लोक ओकची पानं टोपीत खोचायचे. बहुतेक ठिकाणी ते कधीच बंद झालं. आमच्या जवळच्या कॅसलटन या डर्बीशरमधल्या गावात मात्र अजून दणक्यात चालतं.

पहिल्यांदा गेलो ते चुकून. डोंगर चढून उतरलो, चहा घ्यायचा होता, तर रस्ता बंद. बँड वाजतोय. घोड्यावर स्टुअर्ट काळातला पोशाख केलेला राजा, मागे दुसऱ्या घोड्यावर राणी. एका पबच्या अंगणात पुरुषमाणसं घंटेच्या आकाराच्या लाकडी सांगाड्याला सकाळपासून पानंफुलं बांधत बसलेली होती. तो सांगाडा उचलून थेट राजाच्या डोक्यावरून खाली सोडला. राजाचे फक्त पाय दिसत होते! वरून ताजा पाला, रानफुलं, खाली घोड्याच्या रिकिबी. त्याला स्वतःला काही दिसत नाही, म्हणून घोडा दुसराच माणूस धरून चालवतो. मग ही वरात गावातल्या एकेका पबपुढे थांबते. पांढऱ्या कपड्यांतल्या शाळकरी मुली नाचतात, तोवर बँडवाले घसा ओला करतात, आणि पुढे. दरवर्षी यजमानपण वेगळ्या पबकडे.

शेवटी चर्चच्या मनोऱ्यावर दोर टाकून तो फुलांचा डोलारा वर ओढतात आणि टोकावर बसवतात. त्याआधी अगदी वरचा गुच्छ काढून घेतलेला असतो. तो युद्धस्मारकापाशी ठेवतात, बिगूल वाजतं आणि इतका वेळ कलकलणारं गाव एकदम शांत होतं. माझ्या शेजारी उभा असलेला गडी तेव्हा टोपी काढून रडत होता. विचारलं नाही.

जाणकार म्हणतात की ही प्रथा मुळात वसंताची असावी, राजा तिला नंतर चिकटला. असेल. आपल्याकडेही जत्रा आधीची आणि कथा नंतरची, असं कितीदा होतं.

लेस्टरहून

तिसरा रिचर्ड १४८५ मध्ये बॉसवर्थच्या लढाईला निघाला तेव्हा आमच्या गावातल्या एका खाणावळीत उतरला होता, असं पिढ्यानपिढ्या सांगतात. त्याचं चिन्ह पांढरा रानडुक्कर. लढाईत तो मेला, आणि पाट्यांवरच्या पांढऱ्या डुकरांना रातोरात निळा रंग लागला म्हणे, कारण जिंकलेल्या बाजूच्या ऑक्सफर्डच्या अर्लचं चिन्ह निळा डुक्कर होतं. डुक्कर तोच, जुनं पुसायचं नाही, फक्त रंग! निवडणुकीच्या निकालानंतर आपल्याकडे गाड्यांवरचे स्टिकर बदलतात तेव्हा मला नेहमी हा निळा डुक्कर आठवतो. ती 'ब्लू बोअर' खाणावळ १८३६ मध्ये पाडली. आणि राजा? तो २०१२ मध्ये गाडीतळाच्या डांबराखाली सापडला. २०१५ मध्ये कॅथीड्रलमध्ये त्याला पुन्हा पुरलं, त्या आठवड्यात इथल्या पबांत बसायला जागा नव्हती.

बॅरो-इन-फर्नेसहून

तुम्ही सगळे मेलेल्या राजांचं सांगताय. आमचा राजा जिवंत आहे आणि स्वतः बिअर ओततो.

इथल्या रुग्णालयात मी नोकरीला आले तेव्हा सहकाऱ्यांनी पहिल्याच उन्हाळ्यात पील बेटावर नेलं. रोआ आयलंडहून छोटी होडी जाते. बेटावर पडका किल्ला, थोडी घरं, सील मासे आणि 'शिप इन' हा एक पब. बस. तो पब जो चालवायला घेतो तो 'पीलचा राजा' होतो. जुन्या लाकडी खुर्चीत बसवतात, डोक्यावर शिरस्त्राण, हातात तलवार, आणि वरून बिअरचा अभिषेक! बेट बॅरो गावाच्या मालकीचं असल्याने राजाची नेमणूक शेवटी स्थानिक कौन्सिलच्या हातात. जाहिरात देऊन राजा भरती करणारं दुसरं संस्थान मी ऐकलेलं नाही.

त्या खुर्चीत इतर कोणी बसला तर तो 'सरदार' होतो आणि सगळ्यांना एक राउंड पाजावा लागतो. आमच्यातला एक नवखा डॉक्टर पाय दुखतात म्हणून टेकला आणि त्याचा त्या दिवसाचा पगार गेला. बदल्यात हक्क काय, तर जहाज फुटून या बेटाला लागलात तर पबमध्ये फुकट जेवण आणि निवारा. तो अजून वाट बघतोय.

ही थट्टा कशाची, तर एका तोतयाची. १४८७ मध्ये लॅम्बर्ट सिमनेल नावाच्या दहा-एक वर्षांच्या पोराला वॉरिकचा अर्ल, म्हणजे गादीचा हक्कदार, म्हणून उभं केलं, डब्लिनला त्याचा राज्याभिषेक उरकला आणि भाडोत्री सैन्यासह तो पीलवर उतरला. खरा अर्ल तर लंडनच्या टॉवरमध्ये कैदेत! सातव्या हेन्रीने त्याला बाहेर काढून लोकांना दाखवलंसुद्धा. पंधरवड्याच्या आत स्टोक फील्डला सिमनेलची बाजू चिरडली गेली. हेन्रीने पोराला मारलं नाही. आपल्या मुदपाकखान्यात शेगडीवरचं मांस फिरवायच्या कामाला लावलं. पानिपतानंतर सदाशिवरावभाऊंचा तोतया निघाला होता, त्याला १७७६ मध्ये देहदंड झाला. तिथे शिक्षा ठोठावणाऱ्यांना हेन्रीची युक्ती सुचली असती तर शनिवारवाड्यात कोणीतरी वांगी भाजत म्हातारा झाला असता, असा विचार त्या होडीत परत येताना मनात आला.

स्मेथिकहून

वाचायला मजा येतेय, पण एक पान उलटायचं राहिलं.

माझे काका १९६३ मध्ये इथल्या ओतशाळेत कामाला लागले. पाळी सुटली की घशात धूळ असायची, म्हणून पंजाबी जोडीदारांबरोबर पबमध्ये जायचे. बाहेरच्या पाटीवर मुकुट, आत दोन खोल्या. एकीत सगळे, दुसरी बरी, मऊ बाकांची, ती फक्त गोऱ्यांची. काका एकदा नकळत त्या खोलीत गेले. कोणी ओरडलं नाही की ढकललं नाही. फक्त पेला भरून दिला नाही. बारवाला त्यांच्या खांद्यावरून पलीकडे बघत राहिला. काका सांगायचे, "शिवी दिली असती तर उत्तर तरी देता आलं असतं."

१२ फेब्रुवारी १९६५ ला अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांचा नेता माल्कम एक्स या गावात येऊन गेला. ही रंगाची भिंत बघायलाच आला होता. पुढच्या नऊ दिवसांत न्यूयॉर्कला त्याचा खून झाला. इथल्या इंडियन वर्कर्स असोसिएशनची माणसं मात्र पबापबांतून बसून राहायची, मागायची, नकार घ्यायची, पुन्हा जायची. त्याच वर्षाच्या शेवटी कायदा झाला आणि सार्वजनिक जागी असा भेद बेकायदा ठरला.

आज याच भागात कितीतरी पब आपले लोक चालवतात. देसी पब म्हणतात. नाव जुनंच, रेड लायन किंवा तसलं काही. आत तव्यावर चरचरणारं मिक्स्ड ग्रिल, कांदा, लिंबू, फुटबॉलचा सामना, आणि म्हातारे गोरे गडी नानने ताट पुसताना. काका शेवटची काही वर्षं दर शुक्रवारी जायचे. मऊ बाकावरच बसायचे.

स्लाऊहून

छोटंसं. ८ सप्टेंबर २०२२, गुरुवार, संध्याकाळी साडेसहा. ऑफिसच्या माणसाच्या निरोपाला विंडसरच्या एका पबमध्ये जमलो होतो. सगळ्यांचे फोन एकदम थरथरले : एलिझाबेथ राणी गेल्या. लँडलेडीने 'लास्ट ऑर्डर्स'ची घंटा एकदा वाजवली, टीव्हीचा आवाज वाढवला आणि खुर्ची ओढून बसली. बऱ्याच वेळाने एक म्हातारा उठला, पेला उचलून म्हणाला, "द क्वी..." आणि थांबला. सत्तर वर्षांची जिभेची सवय. मग हळूच, "द किंग."

डॉर्सेटहून

ताई, सोमवारी तुमचा धागा वाचला आणि मंगळवारी आमच्या पबमध्ये क्विझ होतं. मी पीत नाही, मांसही खात नाही. लिंबू-सोडा घेते आणि दोन निवृत्त शेतकरी व एक पोस्टवाली बाई यांच्या गटात बसते. ते मला क्रिकेटच्या प्रश्नांसाठी ठेवतात (गैरसमज आहे, पण मी दूर केलेला नाही).

नववा प्रश्न : "दुसऱ्या चार्ल्सने वर्षाला दहा पौंडांवर भाड्याने दिलेली जागा कोणती?" आमचा एक शेतकरी ठामपणे म्हणाला, जर्सी बेट. मी पेन्सिल हिसकावून 'मुंबई' लिहिलं. उत्तरं तपासताना क्विझवाला म्हणाला, चूक, माझ्या कागदावर बॉम्बे आहे. झालं! पोस्टवाली बाई उभी राहिली, म्हणाली, ही तिथली आहे, हिला स्वतःच्या गावाचं नाव तू शिकवणार का? (मी साताऱ्याची. पण गप्प बसले.) पाच मिनिटं वाद चालला, बारवरच्या लोकांनी हात वर करून मत दिलं आणि मुंबई मंजूर झाली. एका गुणाने जिंकलो.

बक्षीस इथल्या खाटकाकडून येतं. भलं मोठं ताट : डुकराचे सॉसेज, बेकन, एक अख्खी कोंबडी. 'उत्तर तुझं, ताट तुझं' म्हणून गटाने एकमताने माझ्या हातात ठेवलं. रात्री साडेदहाला ते घेऊन चालत घरी निघाले, आणि पबचा कुत्रा अर्ध्या गावभर माझ्या मागून आला.