अडीनडीचा फंड: भिशी की गट?

सचिव: टॉवेलच्या कारखान्यांत काम कमी झाल्यापासून मेंटेनन्स थकायलंय. सिंकिंग फंडातून उसने द्या असं दोघांनी सुचवलं. ते जमणार नाही. तो पैसा इमारतीच्या मोठ्या दुरुस्तीचा, ऑडिटला अडकेल. वेगळी सोय करायची तर बोला.

बी-२०४: भिशी काढा की. १० जण, २००० रुपये. महिन्याला २० हजार.

ए-१०३: चिठ्ठीच्या भिशीत नंबर कधी लागेल नेम नाही. लिलावाची असली तर नडलेला माणूस १६ हजारांवर उचलतो, वरचे ४ हजार सगळ्यांत वाटले जातात. ज्याची चूल थंड, त्याच्याच जिवावर बाकीच्यांचा नफा! बचत गटासारखं करा.

सी-३०१: बरोबर. एका घरातून एक, जास्तीत जास्त २० जण. तेवढ्या गटाला नोंदणीची सक्ती नसते. महिन्याला ५०० धरले तर १० हजार जमतात. बँकेत गटाच्या नावाने खातं, सह्या तिघांच्या, त्यातल्या कुठल्याही दोघांच्या सहीने पैसे निघावेत. ठरावाची प्रत, शिक्का आणि सह्या करणाऱ्यांचं आधार-पॅन लागेल. रोकड कुणाच्या घरी ठेवू नका, अध्यक्षांच्याही नाही.

बी-१०२: काका, व्याज किती?

सी-३०१: शेकडा १, तेही शिल्लक मुद्दलावर. ५००० घेऊन महिना १००० फेडले तर व्याज ५०, ४०, ३०, २०, १०. एकूण १५०. शेकडा १० वाल्या सावकाराकडे महिन्याला ५०० नुसतं व्याज. ५ महिन्यांत २५०० जातात आणि मुद्दल जिथल्या तिथं.

ए-१०३: खरी मेख पुढंच आहे. एकाच धंद्यातली घरं असली की सगळ्यांना एकाच महिन्यात पैसे लागतात, आणि हप्तेही एकदमच थकतात. म्हणून गटात पेन्शनवाले, रिक्षावाले, दुकानवाले मिसळूनच घ्या. एकाला ५००० च्या वर नको, आणि जमा रकमेतला चौथा हिस्सा खात्यातून हलवायचा नाही. दवाखाना आधी, शाळेची फी नंतर, सणवाराला अजिबात नाही.

बी-२०४: सणाला नाही म्हणजे जरा जास्तच होतंय दादा 😄

ए-१०३: होऊ द्या.

सी-३०१: हप्त्याची तारीख मजुरी हातात पडल्याच्या दुसऱ्या दिवशी ठेवा. महिनाअखेर ठेवली की किराणावाला आधी घेऊन जातो. पासबुकाचा फोटो दर महिन्याला ग्रुपवर टाका, पण कर्ज कुणी घेतलं ते इथं नको. थकलेल्याचं नाव ग्रुपवर आलं की तो बैठकीला यायचंच बंद करतो, मग वसुली विसरा.

ए-३०४: ज्वारी पण एकत्र घेऊ या का? मालदांडी, मार्केट यार्डातून?

बी-१०२: फेब्रुवारी-मार्चमध्ये नवा माल येतो वहिनी, तेव्हा घ्या. दाणा दाताखाली कडक फुटला पाहिजे. चेपला तर ओल आहे, बुरशी धरते. बारदानाचं वजन वजा करून घ्या, हमाली-तोलाई आधी विचारा. घरी दोन उन्हं द्या, पण गरम गरम डब्यात भरू नका. आत घाम सुटतो आणि किडे होतात.

सचिव: रविवारी ११ वाजता पार्किंगमध्ये बसू. गटात यायचं त्यांनी आधार-पॅनच्या झेरॉक्स आणा. ज्वारीची यादी ३०४ च्या वहिनींकडं द्या, पोत्यात नको, किलोत लिहा.